आजीच्या ओव्या आणि हरवलेला फॉन्ट



आज नेहमीसारखा पाठ किंवा निबंध देत नाही. एक घडलेली गोष्ट सांगते. ती सांगता सांगता मराठी अक्षरं संगणकात कशी गेली, पुण्यातल्या कंपन्यांनी त्यासाठी काय केलं हेही सांगते. शेवटी वर्गात घेण्यासारखे दोन उपक्रम आहेत, तेवढे जरूर वाचा.

माझी शाळा बारामती-इंदापूर रस्त्यावर, निमगाव केतकीच्या अलीकडच्या एका वस्तीवर. मधे बदल्या झाल्या, दुसऱ्या गावांना जाऊन आले आणि फिरून पुन्हा याच शाळेवर आले. जूनमध्ये पहिलीचे प्रवेश चालू होते. एक आई मुलीला घेऊन आली. कागदपत्रं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाई, ओळखलंत का?"

ओळखलं. २००४ साली चौथीत होती माझ्याकडे. हसरी, अक्षर वाकडं, पण बोलायला पुढे.

प्रवेशाचं काम झालं तरी ती उठेना. मग म्हणाली, "बाई, आपण ओव्यांचं पुस्तक काढलं होतं ना? त्यात माझ्या आजीच्या ओव्या होत्या. एखादी प्रत आहे का शाळेत? आजी जाऊन सात वर्षं झाली. आमची प्रत जुनं घर पाडलं तेव्हा कुठं गेली कळलंच नाही. हिला दाखवायची होती, तुझ्या पणजीचं नाव पुस्तकात आहे म्हणून."

मी म्हणाले, "बघते." एवढं सोपं वाटलं होतं मला.

पुस्तक कसं झालं होतं

त्या वर्षी मी चौथीच्या मुलांना सांगितलं होतं, घरी आजी असेल तर तिला जात्यावरच्या ओव्या विचारा आणि वहीत लिहून आणा. मुलांनी आणल्या. कुणी दोन, कुणी दहा. या मुलीने तर पानंच्या पानं भरून आणली. आजी सांगायची आणि ही लिहायची. माहेराच्या, भावाच्या, पालखीच्या ओव्या. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव करत इंदापूरला जाते, ती सगळी वाट त्या ओव्यांमध्ये होती.

ग्रामशिक्षण समितीतल्या लोकांनी थोडे पैसे जमवले आणि म्हणाले, छापूनच काढू. मी वह्या पिशवीत घातल्या आणि एसटीने बारामतीला गेले. भिगवण चौकाजवळच्या एका गल्लीत डीटीपीचं छोटं दुकान होतं. तिथे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं व्हायची. दुकानातल्या दादाने चार रविवार बसून सगळं टाइप केलं. मी शेजारी स्टुलावर बसून प्रुफं तपासली. बटर पेपरवर प्रिंट निघाल्या, त्यावरून प्लेट झाली, ऑफसेटवर शंभर प्रती छापल्या. निघताना दादाने एक सीडी दिली. "बाई, यात सगळं आहे. पुन्हा छापायचं झालं तर हीच आणा."

शंभर प्रती घरोघरी गेल्या. शाळेची प्रत कपाटात होती. त्या कपाटाला एका पावसाळ्यात वाळवी लागली. मुलांच्या मूळ वह्या खोलीच्या दुरुस्तीत रद्दीत गेल्या. म्हणजे राहिली फक्त सीडी. ती माझ्या घरी ट्रंकेत, डीएडच्या प्रमाणपत्रांच्या खाली सापडली. मला केवढा आनंद झाला!

मुलाने कुठूनतरी सीडी वाचायचं यंत्र आणून लॅपटॉपला जोडलं. त्यात दोन फायली होत्या. एक उघडलीच नाही, ती पेजमेकरची होती. दुसरी वर्डची होती, ती उघडली आणि पडद्यावर काय दिसलं? डॉलरच्या खुणा, कंस, टक्के, इंग्रजी अक्षरं. चाळीस-पन्नास पानं नुसता असला गोंधळ. त्यात कुठेतरी आजीचा आवाज होता आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

खिळ्यांपासून सुरुवात करू

असं का झालं हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आपल्या बारामतीत अठराव्या शतकात मोरोपंत राहिले. त्यांनी हजारो आर्या रचल्या, पण त्या काळी त्यांच्या कविता पोचल्या त्या हाताने नकला करूनच. मराठीत छापील पंचांग निघालं ते १८३१ साली, मुंबईत गणपत कृष्णाजींच्या शिळाप्रेसवर. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ ला, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरीचे इतके सुबक खिळे पाडले की त्यांचं वळण पुढे कित्येक वर्षं लोकांच्या डोळ्यात राहिलं.

खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. इंग्रजीला छोटी-मोठी अक्षरं, आकडे आणि खुणा धरून शंभरेक खिळ्यांत भागतं. आपलं तसं नाही. क, का, कि, की, कु, क्य, क्र, क्ष... प्रत्येक जोडाक्षराचा विचार करायचा. म्हणून देवनागरीला शेकडो खिळे लागायचे. जुळाऱ्याच्या पुढ्यात केवढी तरी खणांची पेटी असायची आणि त्याचा हात बघून नव्हे, सवयीने त्या खणात जायचा. ज्यांनी जुन्या छापखान्यात ट्रेडल चालताना पाहिलंय त्यांना तो आवाज आठवत असेल.

टंकलेखन यंत्र आलं तेव्हा अडचण आणखी वाढली. चार ओळी कळा, एवढ्यात शेकडो अक्षरं बसवायची कशी? मग अक्षरं तोडली. अर्धा ग वेगळा, त्याचा दंड वेगळा, वेलांटी वेगळी. तुकडे जोडून अक्षर करायचं. ही तोडायची युक्ती लक्षात ठेवा, कारण हीच पुढे संगणकात गेली.

टेबलावरचा छापखाना

१९८२ च्या अखेरीस अमेरिकेत जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की या दोघांनी अडोबी ही कंपनी काढली. वॉर्नॉकच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव त्यांनी कंपनीला दिलं. म्हणजे बघा, कऱ्हेकाठच्या माणसाने कंपनीला 'कऱ्हा' नाव द्यावं तसं. त्यांनी पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा तयार केली. ही माणसांची भाषा नाही, छपाईयंत्राला समजणारी भाषा. अक्षराचा आकार ठिपक्यांनी न सांगता रेषा आणि वळणांच्या गणिताने सांगायचा. मग ते अक्षर पावतीवर छापा नाहीतर फलकावर, कडा तुटत नाहीत.

१९८५ मध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या. ॲपलचा संगणक, पोस्टस्क्रिप्ट समजणारा लेझर प्रिंटर आणि अल्डस कंपनीचं पेजमेकर. अल्डस हे नाव इटलीतल्या व्हेनिस शहरातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या एका नामांकित मुद्रकाचं. पॉल ब्रेनर्ड हे अल्डसचे संस्थापक. डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे आपलं डीटीपी, हा शब्द त्यांनीच रूढ केला. जे काम करायला जुळारी, पेटी आणि मोठी खोली लागायची ते एका टेबलावर होऊ लागलं. १९९४ मध्ये अडोबीने अल्डसच विकत घेतली. पण आपल्या तालुक्याच्या गावातला डीटीपीवाला पुढेही कित्येक वर्षं पेजमेकरलाच चिकटून होता. बारामतीच्या त्या दुकानात मी पाहिलं तेही पेजमेकरच.

आता मुद्दा असा की हे सगळं इंग्रजीसाठी होतं. मराठीचं काय?

पुण्याने काय केलं

इथे आपल्या पुण्याचा अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. मराठी डीटीपीचा मोठा भाग पुण्यात घडला.

एक बाजू सरकारी. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणायचं काम चाललं होतं, मोहन तांबे त्यातले एक प्रमुख. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि ते काम इकडे आलं. त्याला जिस्ट म्हणतात. सी-डॅक म्हटलं की आपल्याला परम महासंगणक आठवतो. पण आपल्या कार्यालयांत रोज वापरात आलं ते त्यांचं आयएसएम आणि लीप ऑफिस. सुरेख, योगेश अशा नावांचे त्यांचे फॉन्ट जुन्या कारकुनांना आजही पाठ आहेत.

दुसरी बाजू खाजगी. मॉड्युलर इन्फोटेक ही पुण्याची कंपनी. तिचं श्रीलिपी माहीत नाही असा डीटीपीवाला महाराष्ट्रात सापडणं अवघड. वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, पुस्तकं, लग्नपत्रिका, सगळीकडे श्रीलिपी. फक्त मराठीच नाही, भारतातल्या इतर लिप्याही त्यांनी केल्या. वळणदार, ठसठशीत, बारीक, पत्रिकेला शोभणारे असे कितीतरी फॉन्ट दिले. बंगळूरच्या एका कंपनीचं आकृतीही आपल्याकडे चालायचं.

श्रीलिपीसोबत डोंगल यायचं. संगणकाच्या मागे लावायची छोटी डबी. ती नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. म्हणजे कुलपाची किल्लीच. कंपनीची मेहनत कुणी फुकट उचलू नये म्हणून ही सोय. फॉन्टमधलं एकेक अक्षर कुणीतरी माणसाने बसून काढलेलं असतं, हे आपण मुलांनाही सांगायला हवं. गाणं, चित्र, पुस्तक जसं कुणाचं तरी असतं तसं अक्षरही असतं.

आणखी एक उपकार. आपल्या मराठीचा ल पाकळ्यांचा, श देठाचा. हिंदीचा ल आणि श वेगळे दिसतात. विंडोजबरोबर आलेल्या मंगल फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे होते. आपल्या पुण्याच्या फॉन्टमध्ये मराठी वळण होतं. पुढे २००९ च्या शासन निर्णयात मराठीचा ल आणि श कसा काढायचा हे ठरवून दिलं. वर्गात एखादं मूल मोबाईलवर पाहून हिंदी वळणाचा ल काढतं तेव्हा मला हे सगळं आठवतं.

मग घोटाळा कुठे झाला?

आता नीट लक्ष द्या. त्या वेळच्या फॉन्टमध्ये जागा जेमतेम २५६. त्यातल्या अर्ध्या तर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खुणांच्या. मग मराठीसाठी जुनीच युक्ती केली. अक्षरं तोडली आणि ते तुकडे इंग्रजी अक्षरांच्या, डॉलरच्या, कंसाच्या जागांवर बसवले. संगणकाला वाटायचं माणूस इंग्रजी लिहितोय. फॉन्ट त्या इंग्रजीला मराठी कपडे घालायचा. आपल्याला क दिसायचा, पण यंत्राच्या पोटात असायची इंग्रजी अक्षरं आणि खुणा.

कपडे निघाले की आत काय आहे ते दिसतं. माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता, म्हणून ओव्यांऐवजी डॉलर दिसले.

शिवाय कोणता तुकडा कुठे बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. एकीकडे लिहिलेलं दुसरीकडे उघडलं की वाचताच येत नाही. यात कुणा एकाची चूक नव्हती. सर्वांसाठी एक नियम करायचे प्रयत्न झाले. १९९१ मध्ये इस्की नावाचं भारतीय मानक आलं. पण सुबक छपाईला जास्त तुकडे लागायचे, म्हणून फॉन्ट आपल्याच वाटेने चालत राहिले. आणि तेव्हा गरज काय होती? पान सुंदर छापून निघालं की काम झालं. वीस वर्षांनी कुणी ही फाईल उघडेल असा विचार ना डीटीपीवाल्याने केला, ना मी.

१९९१ मध्येच युनिकोडही जन्माला आलं. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक. देवनागरीसाठी १२८ जागांचा एक सलग पट्टा दिला, तोही इस्कीच्याच धर्तीवर. आता क म्हणजे क. फॉन्ट बदला, यंत्र बदला, तो क च राहणार. पण विंडोज, मोबाईल आणि छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं नीट बसून तालुक्याच्या गावापर्यंत यायला बरीच वर्षं गेली. माझं ओव्यांचं पुस्तक नेमकं त्या मधल्या काळातलं.

दादाच्या दुकानात पुन्हा

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी बारामतीला गेले. गल्ली तीच, दुकान मोठं झालेलं. आता फ्लेक्स, कप, टी-शर्ट छापतात. दादाचे केस पांढरे झालेत. त्याने सीडी हातात घेतली आणि हसला. "बाई, हे मीच लिहिलंय वरती. माझं अक्षर आहे."

तो जुना संगणक केव्हाच भंगारात गेला होता. पण त्यातली हार्ड डिस्क त्याने काढून एका डब्यात ठेवली होती. "कुणाची ना कुणाची पत्रिका मागायला येतातच लोक," म्हणाला. तासभर शोधाशोध केली. त्याच नावाचा फॉन्ट सापडला. त्याने तो लावला, माझी फाईल उघडली, सगळा मजकूर निवडला, फॉन्ट बदलला...

आणि डॉलरच्या ओव्या झाल्या. पानाच्या वर त्या मुलीचं नाव, खाली 'आजीकडून ऐकलेल्या' असं लिहिलेलं. माझ्या घशात काहीतरी अडकलं. दादाही काही बोलला नाही.

पण काम संपलं नव्हतं. एक तर काही अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत होते. फाईल इकडून तिकडे जाताना तेवढे तुकडे गळाले होते. दुसरं म्हणजे हे फक्त दिसायला मराठी होतं. 'पंढरी' शब्द शोधून बघितला, संगणक म्हणाला असा शब्दच नाही. बरोबर आहे, त्याच्या दृष्टीने ते डॉलरच होते. म्हणून दादाने एका रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सगळं युनिकोडमध्ये घेतलं आणि मला मोबाईलवर पाठवलं. "आता चुका तुम्ही काढा बाई. प्रुफं तेव्हाही तुम्हीच तपासली होती."

पैसे विचारले तर म्हणाला, "पुस्तक छापाल तेव्हा बघू."

चुकांनी शिकवलेलं व्याकरण

पुढचे दोन महिने रात्री जेवणं झाली की मी त्या ओव्या तपासत होते. चुका होत्या, पण कशा?

पहिली चूक ऱ्हस्व वेलांटीची. जुन्या पद्धतीत वेलांटी आधी टाइप करायची, मग अक्षर, कारण दिसायला ती आधी येते. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर, कारण उच्चारात आधी व्यंजन येतं आणि मग स्वर. रूपांतरात काही वेलांट्या चुकीच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या.

दुसरी चूक रफाराची. 'कर्म' लिहिताना आपण रफार शेवटी, म च्या डोक्यावर देतो. पण म्हणताना र् आधी येतो आणि म नंतर. युनिकोड म्हणण्याचा क्रम पाळतं. दुसरी-तिसरीतली मुलं 'सूर्य', 'वर्ग' लिहिताना रफार कुठे द्यायचा यात गोंधळतात ना? संगणकही अगदी तसाच गोंधळला होता. मला हसू आलं. इतकी वर्षं मी मुलांना नुसतं 'पुढच्या अक्षरावर द्या' सांगत होते. आता सांगते, 'आधी म्हणून बघा, र् नंतर कोणतं अक्षर ऐकू आलं? त्याच्या डोक्यावर.' मुलं कमी चुकतात.

तिसरी चूक आपल्या मराठीची खास. एका ओवीत 'दऱ्या' होत्या, डोंगरदऱ्यांमधल्या. त्याचं 'दर्या' होऊन बसलं. घाट उतरून येणारा भाऊ एकदम समुद्रातून यायला लागला! आचार्याला आणि आचाऱ्याला यातला फरक आपण शिकवतो. हिंदीला हा अर्धा र लागत नाही, आपल्याला लागतो. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याच्या र ची वेगळी जागा आहे. ती न वापरली तर भाऊ समुद्रात जातो.

राहिले चौकोन. ते मला भरता येईनात. मग मी आणि ती माझी विद्यार्थिनी, दोघी वस्तीवर फिरलो. सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या चार-पाच जणी अजून आहेत. मी ओवी वाचायची आणि चौकोनापाशी थांबायचं. त्या लगेच पुढचा शब्द सांगायच्या. कधी कधी तर मी थांबायच्या आधीच. एकीने तर मलाच झापलं, "बाई, असं वाचत्यात व्हय ओवी? म्हणायची असती ती." आणि म्हणून दाखवली. विद्यार्थिनीने मोबाईलवर आवाज घेतला.

सगळे चौकोन भरले. एक राहिला. तिच्या आजीच्याच ओवीतला. आजीने एका गावाचं नाव घेतलंय, त्यात मधलं जोडाक्षर गळालंय. एक जण म्हणाली हे गाव, दुसरी म्हणाली ते. ते आजीच्या आईचं माहेर असावं असं वाटतं, पण सांगणारं आता कुणी नाही. मी म्हणाले, दोन्हीतलं एक घालू का? विद्यार्थिनी म्हणाली, "नको बाई. चौकोनच ठेवा. खोटं नको."

चौकोन तसाच ठेवलाय.

वर्गात करून बघा

१. इनस्क्रिप्ट कीबोर्डचा उपक्रम, तिसरीच्या पुढे. १९८६ मध्ये सरकारने ठरवलेला हा कीबोर्ड आहे. फळ्यावर काढा किंवा मोबाईलवर दाखवा. स्वर आणि त्यांची चिन्हं डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच, त-थ, द-ध, प-फ, ब-भ असेच. मुलांना विचारा, या जोड्या अशा का लावल्या असतील? तोंडासमोर तळहात धरून क आणि ख म्हणायला लावा. ख ला हवा जास्त लागते. अल्पप्राण-महाप्राण हे अवघड शब्द न सांगताच समजतात.

२. आजीचा चौकोन. मुलांना घरातल्या मोठ्या माणसाकडून एक ओवी, म्हण किंवा उखाणा लिहून आणायला सांगा. वर्गात वाचताना एक शब्द झाकायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचा. जो शब्द कुणालाच ओळखता येत नाही तो शब्दकोशाच्या वहीत जातो. आमच्या वहीत दोन महिन्यांत साठ शब्द झालेत.

आणखी एक. आपल्या इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ कागदाचा मोठा कारखाना आहे. छपाईचा कागद तिथे तयार होतो. सहलीला उजनीचे रोहित पक्षी बघायला आपण जातोच. वाटेत मुलांना एवढं तरी सांगा की पुस्तकाचं पान कुठून सुरू होतं.

आणि आपल्यासाठी

शिक्षकांनो, तुमच्या कपाटात, ट्रंकेत, पेनड्राईव्हमध्ये असं काहीतरी नक्की पडलेलं असणार. शाळेचं जुनं हस्तलिखित, स्नेहसंमेलनाची नाटुकली, स्वतः काढलेल्या प्रश्नपत्रिका, गावाचा इतिहास. या सुट्टीत ते उघडून बघा. डॉलर दिसले तर घाबरू नका आणि फाईल टाकून तर मुळीच देऊ नका. कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते नाव वहीत लिहून ठेवा. जुन्या डीटीपीवाल्याकडे जा. युनिकोडमध्ये करून घ्या आणि निदान दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत कागदावरही काढा, आणि कपाटाला वाळवी लागत नाही ना हे बघत जा. हे मी अनुभवाने सांगतेय.

पालकहो, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचं बोलणं मोबाईलवर साठवा. मोबाईल बदलताना ते दुसरीकडे घ्यायला विसरू नका.

पुस्तक पुन्हा छापून आलं. पन्नास प्रती. दादाने पैसे घेतले, पण कमीच. पहिली प्रत मी विद्यार्थिनीच्या मुलीच्या हातात दिली. तिला अजून जोडाक्षरं येत नाहीत. बोट ठेवून एकेक अक्षर लावत ती पणजीच्या नावापर्यंत गेली. मग पान उलटलं आणि त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून मला विचारलं, "बाई, इथं काय म्हणायचं?"

मी म्हणाले, "तिथं थोडं थांबायचं. मग पुढं वाचायचं."

आपलीच,
एक शिक्षिका